टॅक जमत नाही हो!

पाणी-वारा : वाचकांचे प्रश्न

नव्या वाचकांसाठी आधी थोडं. विंग फॉइलिंगमध्ये बोर्डाखाली पाऊण-एक मीटरचा मास्ट असतो आणि त्याच्या खालच्या टोकाला, पाण्यात, विमानासारखे दोन पंख. हा फॉइल. हातात हवा भरलेली विंग, ती बोर्डाला कुठेही बांधलेली नसते. वेग आला की बोर्ड पाण्याबाहेर उचलला जातो आणि तुम्ही फॉइलवर उडत जाता. वळायचे प्रकार दोन. बोर्डाची शेपटी वाऱ्यातून फिरवली तर जाइब, नाक फिरवलं तर टॅक. या वेळच्या टपालात निम्मी रड टॅकचीच आहे, म्हणून पहिल्या उत्तराने सगळी जागा खाल्ली. बाकीच्यांनी माफ करावं.

प्रश्न : ताई, नमस्कार. वय 43, वजन 78. विंगचा हा माझा तिसरा उन्हाळा. बोर्ड 95 लिटर, पुढचा फॉइल 1400 चौरस सेंटीमीटर, मास्ट 80 सेंटीमीटर, विंग बहुतेक वेळा 5 चौरस मीटरची. डावा पाय पुढे. जाइब दहातले सात जमतात. टॅक साठेक वेळा मारून पाहिला, एकदाही कोरडा बाहेर आलो नाही. वेगात येतो, टाचांवर भार देऊन वाऱ्याकडे वळतो, विंग डोक्यावर घेतो, आणि नाक ऐन वाऱ्यात आलं की विंग मला मागे ओढते. मी पाठीवर, विंग छातीवर. बरोबरचे सगळे म्हणतात, ‘अजून वेग घे.’ वेग घेतला की जास्त जोरात पडतो, एवढाच फरक. कुठे चुकतंय?
– एक वाचक, आल्मेरे (नेदरलंड्स)

उत्तर : तुम्ही वजन, लिटर, फॉइल सगळं लिहिलंत, फार बरं केलंत. नाहीतर लोक ‘पडतो’ एवढंच लिहितात आणि मी डॉक्टरसारखी अंदाज बांधत बसते.

आधी जाइब का जमतो ते बघू, म्हणजे टॅक का जमत नाही ते आपोआप कळेल. समजा वारा 16 नॉटचा आहे (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आणि तुमचा वेग 12. जाइबच्या मधोमध तुम्ही वाऱ्याच्याच दिशेने चालला असता. तेव्हा तुम्हाला जाणवतो तो वारा 16 वजा 12, म्हणजे 4 नॉट. विंग हातात झोपलेली असते. डोक्यावर घ्या, हात बदला, वाटल्यास एका हाताने नाक खाजवा, ती काही म्हणत नाही. आता टॅक. वळता वळता तुमचा वेग 8 वर आला असं धरू, पण तुम्ही वाऱ्याच्या तोंडावर चालला आहात. म्हणजे 16 अधिक 8, 24 नॉट. वारा सहापट झाला. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून दाब छत्तीसपट. वस्तू तीच, हात तेच, आणि तुम्ही तिला जाइबमधल्या झोपलेल्या विंगसारखं वागवायला जाता. ती पाठीवर पाडणार नाही तर काय करणार?

म्हणून ‘अजून वेग घे’ हा सल्ला अर्धाच खरा. वेग लागतोच, पण विंग चुकीच्या कोनात असेल तर तो वेग तुमच्याच अंगावर येतो.

विंगचं काय करायचं ते मला कुणी प्रशिक्षकाने नाही, छत्रीने शिकवलं. मरीन ड्राइव्हवर जुलैत कधी चालला असाल तर आठवा. छत्री सरळ वर धरली, जरा मागे कलली, की वारा पोटात शिरतो आणि छत्री उलटी. तीच पुढे झुकवून तिचा काठ वाऱ्यात खुपसला, की हाताला जवळजवळ काही लागत नाही. विंगचंही तसंच. टॅकमध्ये ती डोक्यावर आडवी हवी, फुगीर काठ वाऱ्याच्या तोंडाला, आणि तो काठ कणभर खाली. तुमच्या वर्णनावरून दिसतं की तुम्ही विंग वर नेताना पुढचा हात डोक्याच्या मागे जाऊ देता. काठ उचलला जातो, वारा खालून शिरतो, आणि मग छातीवर विंग. पुढचा हात कपाळाच्या पुढे ठेवा. तो डोळ्यांना दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की पडलात म्हणून समजा. उलट काठ फारच खाली गेला तर विंग वरून दाबते आणि बोर्ड पाण्यावर आपटतो. पण तो तुमचा आजार नाही.

आणि विंग वळवायची नाही. हे माझ्या डोक्यात शिरायला दोन वर्षं लागली. वारा जिथून येतोय तिथूनच येत राहणार आहे, तेव्हा विंगचा काठ आहे तिथेच राहू दे. वळायचंय बोर्डाला आणि तुम्हाला, तिच्या खालून. घरी पंख्याखाली उभे राहून स्वतः फिरा, पंखा फिरवू नका. (पंखा बंद ठेवून. मागे एका वाचकाने खरंच हात वर केला होता.)

हे झालं विंगचं. पण तुमच्या पत्रातली खरी गोम मला पायांत दिसते. तुमचा डावा पाय पुढे, म्हणजे छाती बोर्डाच्या उजव्या बाजूला. वारा डावीकडून येत असेल तेव्हा तो पाठीवर असतो, तुम्ही टाचांवर रेलता, आणि हीच तुमची घरची बाजू. तिथून टाचा दाबून टॅक मारला की नाक वाऱ्यातून जातं, वारा उजवीकडून यायला लागतो, पण पाय तेच. आता वारा छातीवर, भार चवड्यांवर, कंबर एकीकडे आणि खांदे दुसरीकडे. या अवस्थेत तुम्ही एरवी, टॅकबिक काही नसताना, सरळ दोनशे मीटर जाऊ शकता का? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून माझा अंदाज आहे की नाही. मग टॅक मधे फसत नाहीये. तो संपल्यावर उभं राहायला जागाच नाहीये. बस मिळाली, पण उतरायचा थांबाच माहीत नाही.

तर पुढचे तीन-चार शनिवार टॅकचं नाव काढू नका. वारा उजवीकडून घेऊन, पाय न बदलता, चवड्यांवर चालवायला शिका. पहिल्या दिवशी पोटऱ्या भरून येतील, बरगडीखाली उसण भरल्यासारखं होईल. पुढच्या पायाचा गुडघा वाऱ्याकडे ढकला आणि खांदे मोकळे ठेवा, मग जमतं. दोनशे मीटर आरामात जायला लागलात की पहिला टॅक तिथूनच मारा. म्हणजे आजवर मारलात त्याच्या उलट, चवड्यांकडून टाचांकडे.

हाच आधी का? शरीर आधीच पिळलेलं आहे. चवडे दाबले की बोर्ड उजवीकडे, वाऱ्यात वळतो, आणि पिळलेला टॉवेल सोडावा तसं शरीर वळता वळता मोकळं होतं. बाहेर पडता ते तुमच्या घरच्या बाजूला, टाचांवर, जिथे डोळे मिटूनही उभे राहाल. तुमच्या सध्याच्या टॅकमध्ये सगळं याच्या उलट: सुरुवात मोकळी, शेवट पिळलेला, आणि वेगही शेवटीच संपतो. याबद्दल शिकवणाऱ्यांत दोन मतं आहेत, आधी टाचांकडूनच शिकवणारेही पुष्कळ. पण मी चाळिशीनंतर शिकलेल्या माणसांकडे बघून सांगते आहे, विशीतल्या लवचीक पोरांकडे बघून नाही.

आता प्रत्यक्ष वळण. सुरुवातीला वाऱ्यापासून जरासं दूर पडून तीन-चार सेकंद वेग घ्या. मास्टचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग पाण्याबाहेर असू दे, कारण वळताना उंची जातेच. मग चवडे दाबायचे, पण सगळे एकदम नाही. घाटात एसटी वळते तसं वळा, रिक्षासारखं नको. गर्रकन वळलात की फॉइल पाण्याला आडवा लागतो आणि ब्रेक बसतो. एकूण फिरायचंय साधारण 90 ते 100 अंश. त्यातला पहिला अर्धा भाग विंग ओढत असतानाच उरकायचा. वाऱ्याच्या अगदी जवळ आलात की मग ती वर. खूप जण ती फार लवकर वर घेतात आणि मग इंजिन बंद करून चढ चढायला बघतात.

हात. वारा उजवीकडून असताना उजवा हात पुढे, डावा मागे. नाक वाऱ्यातून गेलं की, किंबहुना जायच्या क्षणभर आधीच, मागचा डावा हात पुढच्या दांड्यावर. मग उजवा सुटा होऊन मागे येतो. मधे अर्धा सेकंद दोन्ही हात पुढे असतात, तो अर्धा सेकंद घाबरायचं नाही. नजर पुढच्या खुणेवर. किनाऱ्यावर असतानाच ठरवून ठेवा: वळल्यावर मला ते झाड दिसलं पाहिजे, तो मनोरा दिसला पाहिजे. मी एकदा पैसे भरून दिवसभराची शिकवणी लावली होती. त्या मुलाने सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच वाक्य सांगितलं, ‘जायचंय तिकडे बघ.’ वाक्य खोटं नव्हतं. पण माझी विंग माझ्या डोळ्यांवर होती, मी बघू काय?

नाक पलीकडे गेलं की लगेच मागचा हात ओढू नका. बोर्डाला वाऱ्यापासून थोडं दूर पडू द्या, तोवर गुडघ्यांनी फॉइलला एक-दोन झोके द्या, मग ओढा. बोर्ड पाण्याला टेकला? टेकू दे. टेकून, घसरून पुन्हा उचलला गेला तर मी तो टॅक जमला असंच वहीत लिहिते. तुम्हीही लिहा. कोरडं राहण्याचा हट्ट पुढच्या वर्षी.

वहीवरून आठवलं. 2021 च्या ऑगस्टमध्ये एका दुपारी मी ओळीने अकरा टॅक मारले आणि अकराही वेळा त्याच जागी, त्याच कोनात बसकण मारली. रडकुंडीला येऊन काठावर आले, बोर्ड उलटा केला, तर फॉइलवर हिरव्यागार शेवाळी वनस्पतीची ही मोठी वेणी. एखाद्या लग्नाला माळता येईल अशी. आल्मेरेजवळच्या आपल्या खोयमेर-एइमेर तळ्यांमध्ये (डच लोक ‘ग’चा ‘ख’ करतात, माझा इलाज नाही) उन्हाळ्यात पाणवनस्पती माजते, तिला इथे फोन्टाइनक्राउट म्हणतात. सरळ जाताना विंगच्या ओढीत ती कळत नाही. टॅकमध्ये ओढ जाते, उरतो फक्त साठवलेला वेग, आणि तो ही वेणी एका घासात खाते. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये टॅक फसला तर स्वतःला शिव्या द्यायच्या आधी बोर्ड उलटा करून बघा. तुमच्या साठांतले दहा-पंधरा तरी या खात्यात जातील.

शेवटचं, आणि हे सल्ला म्हणून नाही. माझे मामा मालवणचे, शिडाची होडी चालवायचे. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, होडी सरळ वाऱ्यातून का नाही वळवत, एवढा मोठा वळसा कशाला? तशा होडीत शीड ज्या तिरक्या काठीला बांधतात ती डोलकाठीच्या एका अंगाला असते. नाक वाऱ्यातून फिरवलं तर वारा शीड डोलकाठीवरच थापतो, आणि ती लांब काठी दुसऱ्या अंगाला न्यायची म्हणजे भर वाऱ्यात मोठा खटाटोप. म्हणून वाऱ्याला पाठ देऊन, ऐसपैस वळसा घेऊन फिरायचं. मामा एवढंच म्हणाले, “आधी वाऱ्याक इचार, मगे वळ.” जाइब आमच्या रक्तात असेल कदाचित. टॅक मारणारी घरात मी पहिली.

प्रश्न : काकू, मी गोव्यात शिकते, वय 19, वजन 54. गेल्या डिसेंबरपासून विंग करते. बोर्ड 85 लिटर, विंग 5 मीटर, फॉइल 1500. इकडे वारा बहुतेक 10-12 नॉट. झुळूक आली की उडते, गेली की खाली. व्हिडिओतली माणसं टॅक मारून पुढे उडतच राहतात, मी नाक वळवलं की बोर्ड चिखलात रुतल्यासारखा बसतो. मोरजीला शिकावं की दोना पावलाला?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : काकू चालेल. पन्नाशी उलटली आहे.

त्या व्हिडिओंतला वारा बघ. पाण्यावर सगळीकडे पांढरे फेसाचे तुरे असतील तर तो 15 नॉटच्या वरचा आहे. तू 10 नॉटमध्ये तेच करायला बघतेस, म्हणजे निम्म्या पैशांत तीच खरेदी. तुझी चूक कमी आणि हिशोबाची अडचण जास्त. वजन कमी आहे हे तुझं भांडवल. विंग मात्र 6 मीटरची कुणाकडे मिळाली तर मागून बघ.

गोव्याचा वारा म्हणजे खारा वारा. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून येतो, वायव्येकडून. फेब्रुवारी ते मे हे त्याचे चांगले दिवस, आणि त्यातही दोन ते पाच. सकाळी अकराला पाण्यात उतरून दमून जाऊ नकोस. अडीचपर्यंत वाळूवर बस, विंग घेऊन वाळूत टॅकचे पाय आणि हात घोटव, आणि वारा भरला की उतर. टॅक मारायचा तो झुळूक सुरू होताना. झुळूक येताना पाणी काळपट, सुरकुतलेलं दिसतं. तो पट्टा तुझ्यापर्यंत पोचला, बोर्ड आपोआप वर उठला, मग दोन श्वास थांबून वळ. झुळुकीच्या शेवटी वळलीस तर वळण पूर्ण होईपर्यंत वाराच नसतो.

मोरजी की दोना पावल? टॅकसाठी सपाट पाणी हवं, म्हणून मी दोना पावलाचा उपसागर म्हणेन. मोरजीला वारा मोकळा मिळतो, पण लाटाही त्याच दिशेने येतात, म्हणजे टॅक मारताना नाक थेट लाटेत. तिथे गेलीसच तर एक लाट खालून गेली की तिच्या मागच्या सपाट तुकड्यात वळून घे, चढत्या लाटेवर नको. शापोरा नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे सरकत असतात. ओहोटीला 80 सेंटीमीटरचा मास्ट तिथे वाळूत जाऊन अडकतो आणि आपण बोर्डाच्या पुढे उडतो. मी उडलेली आहे. ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला मोरजीलाच येतात, तो भाग कुंपण घालून राखलेला असतो, त्याच्या आसपास बोर्ड ओढत फिरायचं नाही. आणि रापण लागलेली दिसली, की जाळ्याच्या दोन्ही टोकांपासून लांबून जायचं. तुझा फॉइल त्यांच्या दोरात गेला तर दोर त्यांचा तुटतो, दिवस त्यांचा जातो.

पावसाळ्यात उतरू नकोस, ‘आज वारा मस्त आहे’ असं कुणी कितीही म्हणालं तरी. ते चार महिने फळकुटाला चाकं लावून अंगणात चवड्यांवरून टाचांवर वळायचा सराव कर. आणि पैसे साठले तर हिवाळ्यात एकदा रामेश्वर-पांबनच्या बाजूला जा. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा तिथे दिवसभर एकसारखा वाहतो, खाडीचं पाणी सपाट आणि उथळ. तिथल्या चार दिवसांत होईल ते गोव्यात चार महिन्यांत होणार नाही. फक्त उथळपणा आधी पायाने मोजून घे.

प्रश्न : ताई, प्रश्न माझा नाही, नवऱ्याचा आहे, पण तो विचारणार नाही. वय 49. दोन वर्षांपूर्वी हे विंगचं खूळ घेतलं. दर वादळी शनिवारी गायब. मागच्या महिन्यात सहाला येतो म्हणून साडेआठला आला, ओल्या सूटमध्ये, बोर्ड डोक्यावर घेऊन बांधावरून तीन किलोमीटर चालत. फोन गाडीत. मी पोलिसांना फोन लावायच्या बेतात होते. हे धोक्याचं आहे का? बंद करायला सांगू का?
– एक त्रासलेली बायको, यूट्रेख्त

उत्तर : बंद करायला सांगू नका, ऐकणार नाही आणि मग चोरून जाईल. पण तो का चालत आला ते मी इथे बसून सांगू शकते. त्याला टॅक येत नाही. जाइब फसला की माणूस वाऱ्याबरोबर तीस-चाळीस मीटर खाली वाहून जातो. दुपारभरात असे वीस फसले की निघालेली जागा पाऊण किलोमीटर मागे पडते, आणि वारा जोराचा असेल तर त्याहून जास्त. परत वर यायला वाऱ्याच्या जवळून चालवता यायला हवं आणि टॅकने वळता यायला हवं. पहिलं उत्तर त्याला वाचायला द्या. स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवलंत तरी चालेल.

धोका आहे, पण तो आटोक्यात ठेवता येतो. तुम्ही पुढच्या गोष्टींवर अडून बसा, माझं नाव सांगा. हेल्मेट आणि मार सोसणारं जाकीट, कारण फॉइलच्या कडा सुरीसारख्या असतात. बोर्डाची दोरी पायाला किंवा कमरेला, विंगची मनगटाला किंवा कमरेला, दोन्ही, कायम. वारा किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहत असेल तर जायचंच नाही, मग आकाश कितीही निळं असो. एप्रिलमध्ये हवा उबदार वाटते, पण पाणी दहा अंशांच्या आसपास असतं, म्हणून जाड वेटसूट. फोन गाडीत नाही, पाणबंद पिशवीत अंगावर. नेदरलंड्सची जलबचाव संस्था केएनआरएम, 1824 पासूनची, आणि तिचे बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत. त्यांचं ‘केएनआरएम हेल्प्ट’ नावाचं मोफत ॲप आहे. निघताना त्यात परतायची वेळ नोंदवायची. हे ॲप त्याला भेट म्हणून फोनवर टाकून द्या. बोर्डावर पक्क्या शाईने तुमचा फोन नंबर लिहा. रिकामा बोर्ड वाहत आलेला कुणाला सापडला, तर माणूस सुखरूप आहे की नाही हे एका फोनवर कळतं, उगाच बोटी सुटत नाहीत.

अडकलाच तर बोर्ड सोडून पोहत सुटायचं नाही. बोर्डावर पालथं पडायचं, आणि काठावर कुणी दिसलं तर दोन्ही हात पसरून सावकाश वर-खाली करत राहायचं. ही मदतीची जगभरची खूण आहे. एक हात हलवला तर लोक उलट हात हलवून निघून जातात. माझ्या बाबतीत एका कुटुंबाने अगदी प्रेमाने हलवला होता.

आणि तुमच्यासाठी : परतायची वेळ ठरवा आणि त्यावर अर्धा तास सूट द्या. त्यानंतर 112 लावायला लाजू नका. तो चिडला तर चिडू दे.

प्रश्न : संपादक महोदय, गेल्या अंकातील उत्तरात बाईंनी ‘20 नॉट म्हणजे ताशी 32 किलोमीटर’ असे लिहिले आहे. मी 31 वर्षे जहाजावर इंजिन खात्यात काढली. 20 नॉट म्हणजे 37 किलोमीटर. बाईंनी सागरी मैलाऐवजी रस्त्यावरचा मैल धरलेला दिसतो. नवशिका माणूस या आकड्यावर विसंबून पाण्यात उतरला तर जबाबदार कोण?
– एक निवृत्त वाचक, वसई

उत्तर : चूक माझी, शंभर टक्के. सागरी मैल 1.852 किलोमीटरचा, मी 1.6 ने गुणलं. 20 नॉट म्हणजे ताशी 37 किलोमीटर, आणि नवशिक्याने त्यात उतरू नये, तेव्हाही नाही आणि आताही नाही. गेल्या अंकातला तो आकडा पेनाने खोडून वर 37 लिहा. या अंकातले 16, 12 आणि 8 मी दोनदा तपासले आहेत. तरी आपण एकदा नजर घालावी, ही विनंती.